बारा फ्रेम उशीर

ध्वनिमुद्रणात बरीच वर्षं काढली की संगीत ऐकणं सुटतं, कान नुसती खोट शोधत बसतात. त्या दिवशीही माझं तेच चाललं होतं. काचेपलीकडे ऐंशी वादक, पडद्यावर चित्रपटाचा शेवटचा प्रसंग आणि माझ्या कानात जीव नकोसा करणारी टिकटिक.

वादकांच्या हेडफोनमध्ये ताल दाखवणारी क्लिक वाजत असते. तिच्यामुळे संगीत चित्राशी फ्रेम न फ्रेम जुळतं. सगळा ताफा जोरात वाजत असतो तेव्हा ती लपते. पण शेवटी एकटं व्हायोलिन विरत जातं, तिथे ऐंशी हेडफोनमधून झिरपलेली टिकटिक थेट माइकात! सहा टेक वाया गेले.

सातव्याला कंडक्टरबाई म्हणाल्या, "क्लिक बंद करा." आता त्यांना आधार फक्त ठरलेला क्षण दाखवायला पडद्यावरून सरकणाऱ्या रेघेचा.

रचना तशी साधी. चेलो आणि डबल बास खाली पंचम धरून बसतात, वर व्हायोलिन चढत जातात, आणि ज्या सुरावर सगळं येऊन टेकायचं तो षड्ज काही केल्या येत नाही. क्लिकवर तो बरोबर ठरल्या क्षणी यायचा. या वेळी बाईंनी हात वर नेला आणि तसाच ठेवला. मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. आणि मग चारही हॉर्न एकदम षड्जावर उतरले. आवाज कमीजास्त करायच्या फेडरवरच्या माझ्या हातावर काटा आला. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे बघायचं राहूनच गेलं, आणि माझ्या कामात ही चूक लहान नाही.

षड्ज बारा फ्रेम उशिरा आला होता. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. पडद्यावरचं दार तोवर उघडून गेलेलं. आता आठवा टेक, असं मी धरूनच चाललो होतो. एडिटर जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "राहू दे. कटच पुढे ढकलतो."

१९८२ च्या 'ई.टी.'च्या शेवटाला दिग्दर्शक स्पीलबर्गने संगीतकार जॉन विल्यम्सना चित्राची सक्ती न करता वाजवू दिलं आणि नंतर चित्र संगीताच्या मापाने कापलं. हा किस्सा आमच्यात सगळ्यांना पाठ. तसं करणारा माणूस मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो.

राहिली खुर्ची. तो अर्धा सेकंद दुसऱ्या कुठल्याच टेकमध्ये नव्हता, त्यामुळे तुकडा जोडायची सोय नव्हती. दोन तास झटलो, करकर गेली नाही. चित्रपटात ती अजून आहे. दार उघडतं त्याच्या जरा आधी येते, त्यामुळे लोकांना बिजागरी वाटते.