पांढरा थर आणि अडकलेला अँगल कॉक

आईचा उजवा खांदा धरल्यापासून ती स्टुलावर बसून हँडशॉवरने अंघोळ करते. तांब्या उचलून अंगावर घेणं तिला जमत नाही. फेब्रुवारीत ती दोन-तीनदा म्हणाली, "अगं, पाणी नीट येतच नाही, साबण निघता निघत नाही." मी प्रेशर कमी असेल म्हणून सोडून दिलं. मग एकदा हँडशॉवर बादलीत सोडून घड्याळ लावलं. वीस लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं! त्याच मजल्यावरच्या काकूंकडे तीच बादली चार मिनिटांत भरली. म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा काही दोष नव्हता.

आम्ही वाघोलीला राहतो. पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, म्हणजे जडच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची, म्हणजे जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर ६००. आमच्या सोसायटीने तपासून घेतलं तेव्हा आकडा ५४० आला होता. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि धरून बसतो, म्हणून गरम पाण्याच्या बाजूच्या जाळ्या आधी तुंबतात. आईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. सांगोल्याला विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि बंबाच्या आत असाच पांढरा थर धरायचा, हे तिने आयुष्यभर पाहिलंय.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी बेसिनच्या नळावर टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं होतं. डाग गेले, पण महिन्याभरात क्रोमचा मुलामा उडून खालचं पिवळं पितळ दिसायला लागलं. ॲसिडने फरशीच्या सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं. ते ॲसिड कुणी नळाला लावू नये, आणि ब्लीचिंग पावडरसोबत तर कधीच वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

या वेळी वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. हँडशॉवर पाइपपासून सोडवला. पान्याखाली जुनं फडकं घेतलं, म्हणजे चरे पडत नाहीत. पाइपच्या टोकाला रबरी वायसर आणि बारीक जाळी असते, खरी अडचण तिथेच होती: पांढरे खडे, थोडी वाळू आणि जुन्या वायसरचे काळे तुकडे. सगळं लिंबूसत्त्वात टाकल्याबरोबर बुडबुडे यायला लागले. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासलं, राहिलेली भोकं सुईने मोकळी केली. बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळीही तशीच काढून भिजवली. भिंतीतला वरचा शॉवर मात्र निघेना. त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत तेच पाणी भरून रबर बँडने बांधून ठेवलं. मुलामा असलेल्या वस्तू रात्रभर बुडवून ठेवायच्या नाहीत. तास-दीड तास पुरे, मग साध्या पाण्याने धुवायच्या.

इथवर सगळं सोपं होतं. मग फ्लशच्या टाकीकडे वळले. टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि वीस मिनिटं कुणाला फ्लश करू दिलं नाही. भांड्यात लाल ओघळ दिसला, म्हणजे आतलं रबरी सील गळत होतं. ते बदलायचं तर टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक, बंद करायला हवा. हा कॉक घर घेतल्यापासून, म्हणजे सहा वर्षांत, एकदाही फिरवला नव्हता. तो हलेना. मी पाना लावून जोर दिला. कॉक फिरला, पण दांड्यापाशी पाणी उडायला लागलं. रविवारची दुपार, बाथरूममध्ये पाण्याची धार, आई बाहेरून विचारतेय, "काय झालं गं?" आमच्या लाइनचा मुख्य कॉक डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, आहे एवढं माहीत होतं, पण नेमका कुठला ते नाही. वॉचमनकाकांनी येऊन तो बंद केला, तोवर पाणी पॅसेजपर्यंत आलं होतं.

संध्याकाळी प्लंबरदादा आले. त्यांनी जुना कॉक काढून दाखवला: आत चुन्याचा कडक थर, सिमेंट भरावं तसा. "ताई, तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करा, पूर्ण उघडा. पाना लावायचाच नाही," ते म्हणाले. नव्या कॉकला टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर कसताना सुटते, हेही त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. फ्लशचं सील मग मी बदललं.

नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, काम दहा मिनिटांचं. जाळी उचलायची, आतली वाटी काढायची, केस आणि साबणाचा गाळ काढून वाटी परत बसवायची. वाटी बसवायची राहिली की पाण्याचा अडसर जातो, मग वास येतो आणि झुरळं वर चढतात. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये वापर नसल्याने ट्रॅपमधलं पाणीच आटलेलं होतं. तिथे आता दर शनिवारी तांब्याभर पाणी ओततो.

गीझर मी उघडला नाही. आतली दांडी आणि कॉइल बघणं माहितगार माणसाचं काम आहे, त्याला पुढच्या महिन्यात बोलावलंय. डक्टमधल्या आमच्या कॉकला लाल फीत बांधली आहे आणि ती कुठे आहे हे मुलालाही दाखवून ठेवलंय. कालनिर्णयवर दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला 'कॉक फिरवणे, जाळ्या भिजवणे' असं लिहिलंय. ते अक्षर आईचं आहे. तिच्या हँडशॉवरने बादली आता सव्वाचार मिनिटांत भरते.