शनिवारातून शनीकडे

टँकरवाल्याने सातची वेळ दिली होती, म्हणजे नऊ वाजणार. पुण्याजवळच्या उंड्रीत राहायला आल्यापासून एवढं गणित मला पाठ झालंय. नोव्हेंबर 2025, हवेत जरा गारवा, खाली टाकीचा तळ दिसलेला. सई मैत्रिणीकडून आणलेली दुर्बीण घेऊन गच्चीवर गेली, मागोमाग मी, आणि माझ्या मागे कठड्याला धरत, गुडघ्याला दटावत आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 77.

सईने शनी लावून दिला. आईंनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाल्या, "कडी कुठाय गं याची? ही तर सुई टोचलेली गोटी."

बरोबर होतं त्यांचं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी धारेवर आली होती आणि नोव्हेंबरातही ती रेघेपेक्षा जाड दिसत नव्हती. बाजूला मात्र एक बारीक ठिपका होता.

"तो टायटन, आजी. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. तिथे कधीतरी माणसं राहायला जातील म्हणतात."

"पाणी कुठनं येतं तिथं?"

उंड्रीच्या गच्चीवर दुसरा कुठला प्रश्न सुचणार!

पाणी आहे, रगड आहे. पण उणे 179 अंशांना ते दगडासारखं घट्ट असतं. आपल्याकडे सह्याद्रीत बसाल्ट, तसा तिथे बर्फ. म्हणजे पाणी भरायचं नाही, खणायचं. नद्या, तळी, पाऊस तिथेही आहेत, पण ते सगळं मिथेनचं, म्हणजे थंडीने पातळ झालेल्या जळणाच्या गॅसचं. उत्तर ध्रुवाजवळचा क्रॅकन नावाचा समुद्र तर अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. आपण इथे शनिवारी शनीला पळीभर तेल वाहतो, आणि त्याच्या अंगणात तेलाच्या चुलतभावांचे समुद्र पसरलेत. मला तर जरा ओशाळल्यासारखंच झालं.

एवढा गॅस, पण चहा करता येणार नाही. हवेत ऑक्सिजनच नाही, मग पेटणार कसा? तिथल्या बाईला गॅस फुकट आणि ऑक्सिजनचं सिलेंडर नंबर लावून. सईचं म्हणणं, बर्फातल्या पाण्यापासून ऑक्सिजन काढता येतो. येत असेल, पण त्याला वीज लागते, आणि धुक्याने भरलेल्या त्या आभाळातून ऊन पोचतं ते नावापुरतं. सौर पॅनेलवाल्यांनी तिकडे फिरकूच नये.

गुरूच्या चंद्रांचं थोडक्यात उरकते. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र आहे, सगळ्यांचा जीव तिथेच अडकलाय, पण पृष्ठभागावर आडोशाशिवाय एक दिवस काढला तरी किरणोत्साराने जीव जायची वेळ येईल. कॅलिस्टो गुरूपासून लांब, म्हणून त्यातल्या त्यात बरा. 2003 मध्ये नासाच्या एका अभ्यासात माणसं न्यायला तोच निवडला होता. ही निवड आम्हा पुणेकरांना समजावून सांगायला नको. गावात राहणं झेपत नाही, मग जरा लांबचं बघतो.

पण माझा जीव टायटनवरच. एक तर तिथे दाट हवा आहे, आपल्या दीडपट दाबाची, त्यामुळे फुगवलेला अंतराळपोशाख लागत नाही. भक्कम गरम कपडे आणि श्वासाला मुखवटा, बस्स. दुसरं म्हणजे वजन. ओढ आपल्या सातव्या हिश्शाएवढीच. "आई, तुमचे 58 किलो तिथे आठ भरतील," मी म्हटलं. आईंनी आधी गुडघ्याकडे आणि मग जिन्याकडे पाहिलं. त्या घटकेला त्यांनी बुकिंगसुद्धा केलं असतं. पावसाचे थेंबही तिथे टपोरे आणि निवांत, पिसासारखे तरंगत उतरणारे. छत्री घ्यावी की नाही हे ठरवायला भरपूर वेळ.

ऋतूंची मात्र पंचाईत आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एकेक ऋतू सात वर्षांहून थोडा जास्त. आपल्या साडेसातीला फार तर दीडेक महिना कमी! अख्खा हिवाळा म्हणजे एक साडेसाती. कॅसिनी यान 1997 मध्ये निघालं ते शनीपाशी 2004 मध्ये पोचलं, तोही प्रवास त्याच मापाचा. आपल्या जुन्या माणसांनी शनीला सबुरीचं खातं दिलं, ते उगीच नाही.

आणि बिल्डर! ते तिथे पोचले की पहिली जाहिरात 'रिंग-फेसिंग बाल्कनी'ची लागणार. शनी त्या आकाशात एकाच जागी टांगलेला असतो, त्यामुळे कागदावर सगळं खरं. प्रत्यक्षात नारिंगी धुक्यातून कडीही दिसत नाही आणि शनीही. आमच्या बाल्कनीतून दिसणारी टेकडी अशीच दोन वर्षांत समोरच्या इमारतीमागे गेली.

"आणि तुझ्याशी बोलायचं झालं तर?" आईंनी सईला विचारलं.

इथून निघालेला शब्द तिथे पोचायला सरासरी 80 मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. थंडीचं जमेल एक वेळ, पण आमच्या घरात टोमण्याला पावणेतीन तासांनी प्रत्युत्तर? तोवर कशावरून भांडत होतो तेच विसरायचं.

आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परत येता येतं का?"

जरा विचार करून सई म्हणाली, मोठी माणसं कदाचित येतील. पण तिथेच जन्मून वाढलेल्या मुलांची हाडं त्या हलक्या ओढीत कशी होतील ते कुणाला ठाऊक, त्यांना पृथ्वी पेलेल का, सांगता येत नाही.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आई तेरा वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत, नदीकडच्या वाड्यात. पाणी ओसरल्यावर चिखलातून वर आल्या त्या एवढ्या वस्तू: दोन पातेली, वरवंटा आणि दाराची पितळी कडी. मग गावाबाहेरच्या माळावर निसन हट मिळाली. पत्र्याची, अर्धगोल, पिंप आडवं पुरल्यासारखी. दिवसा भट्टी, पावसात नगारा, रात्री कोल्हेकुई. चंद्रावरच्या वस्तीची चित्रं बघते तेव्हा मला तीच हट दिसते. "चार महिन्यांत परत जाऊ," असं त्यांचे वडील सांगायचे. तो माळ आता भर शहरात आहे, रिक्षावालाही नाही म्हणत नाही. वाडा मात्र पडला, आणि शनिवारात त्या परत राहायला गेल्या नाहीत. कडीला साजेसं दार त्या हटला नव्हतं. वडिलांनी ती तरीही पत्र्याला खिळे ठोकून बसवली होती, लावायला काही नसताना.

खाली हॉर्न वाजला. टँकर! साडेआठच वाजले होते, म्हणजे चक्क अर्धा तास लवकर. सईने दुर्बिणीत पाहिलं तर शनी केव्हाच बाजूला सरकून गेला होता.

"मी होते पुढे," म्हणून आई जिन्याकडे वळल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"गच्चीची कडी लावून या गं."