"तुमच्याकडे रोलर कोस्टर कधी येणार?"

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी गाडीची काच खाली केली आणि ओळख ना पाळख, थेट विचारलं, "काय हो, तुमच्याकडे रोलर कोस्टर कधी येणार?" मागच्या सीटवरचा मुलगा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, की जणू मी तो घरी लपवून ठेवलाय. मी नेहमीसारखं "बघू पुढच्या वर्षी" म्हणालो. हे उत्तर मी पंधरा वर्षं देतोय. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर एकदा खरं काय ते सांगून टाकतो.

आमचं पार्क म्हणजे मिरज-पंढरपूर रस्त्याला लागून चार एकर. आप्पांनी तिथे आधी हॉटेल काढलं होतं. जेवण येईपर्यंत पोरं ताटं वाजवायची म्हणून एक झोपाळा बसवला, मग घसरगुंडी, मग जत्रेतल्या एका पाळणेवाल्याकडून हातानं फिरवायचा पाळणा घेतला. पुढे पुढे लोक पाळण्यासाठी यायला लागले आणि जाता जाता जेवायला लागले. पार्क झालं ते असं.

लोकांच्या डोळ्यांसमोर असतं खोपोलीजवळचं इमॅजिका हे मोठं थीम पार्क. ते २०१३ साली सुरू झालं. तिथला नायट्रो नावाचा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीचा, बसलात की पायाखाली फरशीच नसते. मीही बसलोय. उतरल्यावर बाकीचे फोटो बघायला पळाले आणि मी खाली उभा राहून चाकं मोजत होतो. याच्या नुसत्या चाकांचा खर्च आमच्या गल्ल्यात बसेल का, एवढाच विचार डोक्यात.

आमचा गल्ला भरतो दोन वेळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, आणि मे महिना. पावसाळ्याचे चार महिने आम्ही गंज घासतो. त्यामुळे नवीन राइड बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न ती किती उंच जाते हा नसतो. एसटीभर पोरं किती फेऱ्यांत बसतील, हा असतो. बसमध्ये ४४ पोरं धरा. २४ सीटचा कोलंबस, म्हणजे मागेपुढे झुलणारं जहाज, असेल तर दोन फेऱ्या. तीन मिनिटं झुलणं, चार मिनिटं चढ-उतार, म्हणजे पंधरा मिनिटांत अख्खी बस मोकळी. आता मध्यंतरी सगळीकडे आलेलं ते बंजी ट्रॅम्पोलिन घ्या, कमरेला रबरी पट्टे बांधून उड्या मारायचं. दिसायला झकास, किमतीला स्वस्त, पण एका वेळी चौघं, पट्टे बांधण्यापासून सोडेपर्यंत पाच मिनिटं. एका बसला ५५ मिनिटं. तीन बस आल्या तर पावणेतीन तास, आणि तोवर सर घड्याळ दाखवायला येतात. आम्ही ते घेतलं होतं. पहिल्याच डिसेंबरात एका शाळेची निम्मी पोरं पट्टे न बांधताच परत गेली. पुढच्या वर्षी ती शाळा दुसरीकडे गेली.

तिकीट वाढवून भरपाई करा, असं आमचे मेहुणे म्हणतात. त्यांचं किराणा दुकान आहे. आमच्या तिकिटावर २०१७ ला जीएसटी लागला तो २८ टक्के, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ झाला. त्या सहा महिन्यांत मी एक शिकलो: पाच जणांचं कुटुंब काउंटरवर येतं तेव्हा बाबा मनात गुणाकार करत असतात. दहा रुपये वाढले की पाचऐवजी दोनच तिकिटं निघतात, आणि बाकीचे कठड्याला टेकून भेळ खातात.

म्हणून दुसरा प्रश्न: आजी बसेल का? हसू नका. थरारक राइडवर एकटा कॉलेजचा पोरगा बसतो आणि बाकीचं घर खाली उभं राहून मोबाइलवर शूटिंग करतं. मिनी ट्रेनमध्ये मात्र आजी, सून, कडेवरचं बाळ, सगळे एकदम बसतात. बोगद्यात शिरली की आजीच सगळ्यात मोठ्यानं ओरडते. आमचा बोगदा म्हणजे पत्र्याची शेड आणि आत निळा दिवा. पार्कातली सगळ्यात स्वस्त गोष्ट ती, पण पोरं घरी जाऊन बोगद्याबद्दलच सांगतात.

तिसरा प्रश्न मला आमच्या फिटरनी शिकवला: सुटे भाग जवळपास मिळतील का? एकदा आम्ही चीनहून राइड मागवली. न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरला, क्रेन आली, सगळं गाव बघायला. पॅनेल उघडलं तर बटणांवर चिनी अक्षरं. फिटरनी चिकटपट्टीवर "चालू", "बंद", "हळू" लिहून लावलं, आणि ती चिकटपट्टी अजून तशीच आहे. पण मधलं मोठं बेअरिंग गेलं तेव्हा चिकटपट्टी कामाची नव्हती. विकणाऱ्यानं आठवडाभर फोनच उचलला नाही. बेअरिंग यायला पाच आठवडे लागले, आणि त्यात अख्खा मे महिना गेला. तेव्हापासून फिटर राइडखाली वाकून बघतात, गिअरबॉक्सवरची पाटी वाचतात आणि "हा सांगलीत मिळतो" म्हणाले तरच आम्ही किमतीचं बोलतो. महावितरणकडून वाढीव लोड मिळेल का, हे त्यानंतर.

जुनी घ्यायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या एलिसबर्गला क्नोबल्स नावाचं एका कुटुंबाचं पार्क आहे. त्यांना मोठा लाकडी कोस्टर हवा होता. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतलं एक पार्क १९८० मध्ये बंद पडलं होतं आणि त्याचा कोस्टर उन्हात तसाच उभा होता. यांनी तो उतरवला, फळ्याफळ्यांवर नंबर टाकले, ट्रकनं आणला आणि १९८५ मध्ये "फिनिक्स" म्हणून पुन्हा उभा केला. आजही लोक लांबून त्याच्यासाठी जातात. आमच्याकडे लाकूड नाही, लोखंड आहे. आणि लोखंड खोटं बोलतं. गंजून भोक पडलं की गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर चकचकीत रंग. म्हणून मी खिशात लोहचुंबक घेऊन जातो. सांध्यांवरून फिरवत जायचं. जिथे तो धरत नाही, निसटून हातात येतो, तिथे आत लोखंड नाही. विकणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

चुंबकानं भागत नाही, हेही खरं. वेल्डिंगमधले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. जाड शाफ्टला ध्वनिलहरींची अल्ट्रासॉनिक टेस्ट लागते, वेल्डिंगला डाय पेनेट्रंट. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर लाल रेघ उमटते. अशी एक केसाएवढी रेघ बघून आम्ही ठरलेला सौदा मोडलाय, टोकन बुडवून. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी पेंड्युलम राइड तुटून दोघं गेले. त्या संध्याकाळी आप्पांनी आमच्या सगळ्या राइड बंद ठेवल्या आणि फिटरसोबत स्वतः नटबोल्ट तपासत फिरले. आप्पांचं वय तेव्हा ७४.

आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे विकतच न घेणं. जत्रांचे पाळणेवाले पावसाळ्यापूर्वी रिकामे होतात. त्यातल्या एका मामांशी आमचा जुना घरोबा आहे. मे महिन्यात ते आपली राइड आमच्याकडे लावतात, जागा आणि लाइट आमची, माणसं त्यांची, गल्ल्यात वाटा ठरलेला. महिनाभरात कळतं लोक पुन्हा पुन्हा बसतात की एकदाच. टोरा टोरा नावाचा गोल फिरणारा झुला आम्ही असाच पारखून घेतला. ब्रेक डान्स, म्हणजे बसल्या जागी गरागरा फिरवणारी राइड, पारखून परत पाठवला, कारण तिथे रोज एकजण तरी भेळ बाहेर काढायचा आणि धुवायला आमचीच माणसं.

सध्या अकलूजकडे एका गोडाऊनमध्ये २४ खुर्च्यांचा साखळी झुला, म्हणजे साखळ्यांना लटकून गोल फिरणाऱ्या खुर्च्या, असल्याचं कळलंय. दोन फेऱ्यांत बस बसते, गिअरबॉक्स देशी आहे, आजीचं मात्र अवघड दिसतंय. काल मालकांशी फोनवर बोललो. म्हणाले, "निवांत या, नवाच आहे म्हणा ना, रंग परवाच दिलाय." मी फोन ठेवला आणि फिटरना सांगितलं, उद्या सकाळीच निघू.