काका आज आमच्या घरचं पाणी प्यायले

बेळगावात, वडगावच्या आमच्या गल्लीत एक काका एकटे राहतात. माग बंद पडला, काकू गेल्या, मुलं पुण्याला. शेजारी पाण्यात विष कालवतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. नळाला पाणी आलं की भरायचे आणि तसंच गटारात ओतायचे. कुणी देवऋषी सुचवला (मला फार राग आला होता). गल्लीतल्या बायकांनी त्यांना धारवाडच्या डिम्हान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका. वाद घालू नका, होला होही म्हणू नका, त्यांना भीती वाटते एवढं मात्र माना.

तेव्हापासून समोरच्या मावशी रोज तांब्या घेऊन जातात, आधी स्वतः पितात, मग गप्पा. पोरं कॅरम घेऊन त्यांच्याच कट्ट्यावर बसतात.

आज दुपारी काका आपणहून दारात आले. "पाणी दे गे पोरी." आई सवयीनं आधी स्वतः प्यायला गेली, तर "राहू दे" म्हणाले आणि गटागटा प्यायले. आई आत जाऊन रडली. मीही.

संशय अजून अधूनमधून उचल खातो. त्या दिवशी मावशी दोनदा जातात. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास.