तुम्ही विचारलंत म्हणून : डिग्री वाया गेली का?

मी फिजिक्स शिकलो आणि काम करतोय मालवाहतुकीच्या कंपनीत, आकडेमोडीचं, त्यामुळे "मग डिग्री वायाच गेली की तुमची" हे मला सतत ऐकावं लागतं. विचारणारी बरीच मुलं शेवटच्या वर्षाला असतात, पोटात गोळा आलेला असतो, म्हणून नीट सांगतो.

पहिली नोकरी डिग्रीच्या कागदावरच मिळाली. इंटरव्ह्यूत फिजिक्सचा एकही प्रश्न नव्हता. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं, की समोरचा उमेदवार कामाला कसा आहे ते कंपनीला आधी दिसत नाही, आणि ज्याची कुवत जास्त त्याला डिग्री मिळवणं कमी जड जातं, म्हणून कंपनी डिग्रीला खूण मानते, मग आत काय शिकलात याचा कामाशी संबंध नसला तरी. त्याला २००१ साली नोबेल मिळालं. गॅरी बेकर या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं वेगळं, शिक्षणाने माणसाची काम करायची ताकदच वाढते आणि पगार त्याचा मिळतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं ठरलं, पण एकाच वेळी नाही. कागद पहिल्या दिवशी कामाला आला, शिकलेलं तीन वर्षांनी.

प्रॅक्टिकलला आमच्या मॅडम रीडिंगपुढे एरर, म्हणजे ते मोजमाप किती चुकलेलं असू शकतं ते, लिहिली नसेल तर जर्नलवर सही करायच्या नाहीत, परत पाठवायच्या. भयंकर कटकट वाटायची तेव्हा. नोकरीत तिसऱ्या वर्षी साहेबांनी विचारलं पुढच्या महिन्यात माल किती येईल, एक आकडा दे, आणि मी आकडा लिहून शेजारी तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही लिहिलं, मुद्दाम नाही, हात आपोआप गेला. जादा गाड्या किती राखून ठेवायच्या हे त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरलं. आजही माझं निम्मं काम तेच आहे. ईमेल कसा लिहायचा, चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं, हे मात्र कॉलेजात कुणी शिकवलं नाही, ते नोकरीतच शिकलो.

आणि ज्यांना पास होऊन वर्ष झालं तरी काही मिळालं नाही त्यांनी प्लीज स्वतःला दोष देऊ नका. कॅनडातल्या पदवीधरांवर २०१२ साली एक मोठा अभ्यास आला होता, मंदीत पास झालेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी राहिली, पाच वर्षांत तो फरक निम्मा झाला आणि दहा वर्षांनी जवळपास मिटला. तीच डिग्री, फक्त साल वाईट. ज्यांनी लवकर कंपनी बदलली, जास्त चांगला पगार देणाऱ्या ठिकाणी गेले, ते त्यातून आधी सावरले, म्हणून पहिली नोकरी मनासारखी नसली तरी घ्या पण शोधणं थांबवू नका.

आता मीच इंटरव्ह्यू घेतो. फसलेल्या एखाद्या प्रॅक्टिकलबद्दल किंवा प्रोजेक्टबद्दल सांग असं विचारतो, आणि जो "सर, आधी आम्हाला कळलंच नाही कुठे चुकतंय" असं म्हणून मग कसं शोधलं ते सांगत सुटतो, त्याची मार्कशीट मी नंतर बघतो.