सापळा भरला कोरडवाहूत, अळी सापडली बागायतीत

जुलैचा मध्य. चोपडा तालुक्यात बांधाला बांध लागून असलेली दोन वावरं. एकात मेअखेरीस ठिबकवर लावलेली कपाशी, पात्या (फुलाआधीच्या कळ्या) नि फुलांवर आलेली. दुसऱ्यात जूनच्या शेवटच्या पावसावर पेरलेली कोरडवाहू, चार-सहा पानांची. इतक्या लवकर कोरडवाहूत गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) कोणी लावत नाही. कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग जवळ म्हणून लावला होता. गच्च भरलेली पिशवी निघाली ती तिथलीच.

"आते काय फवारू, भाऊ?" वावराचे मालक आप्पांनी विचारलं.

आधी पतंग ओळखणं भाग होतं. पिशवीत पाणी साचलं की पंखांवरचे खवले झडतात, मुंग्या लागल्या की नुसते पंख उरतात. म्हणून वरचे ताजेच घेतले. पंख मिटलेला पतंग गव्हाच्या दाण्याएवढा, जेमतेम ८-९ मिलिमीटर. पुढचे पंख मातकट करडे, त्यांवर काळपट ठिपके नि पुसट पट्टे. मागचे चंदेरी राखाडी, कडेला लांब केसांची झालर. भिंगाखाली मिशीच्या बुडाशी राठ केसांची ओळ दिसली. गुलाबी बोंडअळीचाच, आणि सगळे नर. सापळ्यातल्या गंधगुटीच्या वासाला मादी येत नाही.

सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज ८ पतंग ही फवारणीची पातळी. ती केव्हाच ओलांडलेली, तरी कोरडवाहूत पंप उचलू नका म्हणून सांगितलं. हे पतंग गेल्या हंगामातल्या सरकीतून आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) गंजीतून निघालेले. जिथे पातीच नाही तिथे त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही.

पण बांधापलीकडे पाती होती. सापळा त्या मानाने हलका, तरी फुलं बघत गेलो तर डोमकळ्या निघाल्या: पाकळ्या जाळीने चिकटलेल्या, न उमललेल्या. उकलल्यावर आत पांढुरकी, काळ्या डोक्याची बारीक अळी. गुलाबी रंग मोठेपणी चढतो, त्यामुळे ही भलतीच अळी समजून लोक सोडून देतात.

सरकीत लपून प्रवास करायची या किड्याची खोड जुनीच. १८४३ साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते भडोचकडच्या कपाशीवरून; पुढे तो इजिप्त, मेक्सिको, अमेरिकेपर्यंत गेला. अमेरिकेने २०१८ मध्ये त्याचं उच्चाटन जाहीर केलं. आपल्याकडे मात्र २०१७ च्या हंगामात बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीची बोंडंही त्याने पोखरली.

डोमकळ्या त्याच दिवशी वेचून जाळल्या. कैऱ्या (हिरवी बोंडं) धरल्यावर एकरातून २० तोडून फोडायच्या. दोनांत जिवंत अळी दिसली की फवारणी. अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.