टर्बो सिल्व्हराडो, भाग ४: टाकीपासून इंजेक्टरपर्यंत

मंडळी, मागच्या भागात टर्बो जागेवर बसला होता. त्यानंतर पाच आठवडे गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, कारण इंधनाचं ठरत नव्हतं. आता ठरलंय, बसलंय आणि चाललंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

नव्यांसाठी आधी गाडीची ओळख. २००५ ची शेव्हरले सिल्व्हराडो १५००, इंजिन ५.३ लिटरचं एलएम७, लोखंडी ब्लॉक. कंपनीतून निघाली तेव्हा तीनशे हॉर्सपॉवरच्या आत. मला क्रँकवर ५५० हवेत, बूस्ट (टर्बो भरतो त्या हवेचा जादा दाब) १२ पीएसआय. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात इंटेकची हवा तापलेलीच असते, त्यामुळे नॉकची (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याची) भीती पहिल्या दिवसापासून डोक्यात होती.

बरेच जण आधी पंप घेतात. माझं मत असं की आधी टाकीत काय ओतणार ते ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मी ई८५ घेतलं, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन. इथे ते मक्याच्या इथेनॉलचं, आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं, पण गुण तेच. ते नॉक दाबतं आणि सिलिंडरमध्ये जाताना हवा थंड करतं. बदल्यात पितं खूप. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई८५ च्या एका भागाला साधारण ९.८, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. गावाकडून ई२० मुळे मायलेज घटल्याचे फोन येतात, त्यामागचं गणित हेच. माझ्याकडे फक्त इथेनॉलचा डोस मोठा.

आता आकडे. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला पेट्रोल ०.६० पौंड धरतात, ई८५ ०.८५ पौंड. ५५० ला ०.८५ ने गुणलं की ४६७ पौंड. आठ इंजेक्टर, ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे एकेकाला ७३ पौंड. पेट्रोलवर हेच ५२ मध्ये भागलं असतं. मी ८० पौंडांचे घेतले. हा आकडा ४३.५ पीएसआयवरचा असतो. माझी रेल (इंजेक्टरांना इंधन देणारी नळी) ५८ वर चालते, तिथे तेच इंजेक्टर ९२ च्या आसपास देतात.

इंजेक्टरमध्ये एकदा हात पोळले, तेही सांगतो. पहिला सेट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत आणला होता. बसवायच्या आधी फ्लो बेंचवर लावून घेतला, तर आठातला एक १२ टक्के कमी देत होता. टर्बो इंजिनात एक सिलिंडर १२ टक्के लीन, म्हणजे इंधन कमी, की पिस्टन गेलाच समजा, आणि एक्झॉस्टमधला वाइडबँड (ऑक्सिजन सेन्सर) आठांची सरासरी दाखवतो, तो तुम्हाला काहीच सांगणार नाही. दुसरा सेट जुळवलेला घेतला, सोबत व्होल्टेजनुसार डेड टाइमचा (इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या उशिराचा) तक्ता असलेला. तो तक्ता नसेल तर आयडलवर ट्यूनिंग करताना नुसतं अंधारात चाचपडणं होतं.

सर्वात जास्त वेळ गेला रिटर्न लाइनवर, म्हणजे उरलेलं इंधन टाकीत परत नेणाऱ्या नळीवर. २००४ पासून या ट्रक रिटर्नलेस आल्या. रेग्युलेटर टाकीतच, दाब कायम ५८. बूस्ट नसताना ठीक. पण इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये १२ पीएसआय भरले की इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाब येतो आणि फरक उरतो ४६ चा. म्हणजे जेव्हा इंजिन सर्वात जास्त मागतं, नेमकं तेव्हा इंजेक्टर ११ टक्के कमी देतो. ट्यूनमध्ये हे भरून काढता येतं, काढणारे काढतातही. सी५ कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर लावायचा सोपा मार्गही होता, पण तोही ५८ वरच अडून बसतो, बूस्टचा संदर्भ घेत नाही. शेवटी रेलनंतर बूस्ट-रेफरन्स रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत स्वतंत्र रिटर्न लाइन टाकली. एक पीएसआय बूस्ट वाढला की एक पीएसआय इंधनाचा दाब वाढतो. काम जास्त, पण रात्री झोप लागते.

पंप वॉलब्रो ४५० (आकडा ताशी लिटरचा), टाकीतच. ई८५ वर ताशी साधारण २७२ लिटर लागणार होते. २५५ चा पंप पेट्रोलवरसुद्धा काठावर आला असता, कारण तो २५५ चा आकडा ४० पीएसआयचा. ७० वर तो बराच खाली येतो. शिवाय तो ई८५ साठी बनवलेलाही नाही. टाकी खाली उतरवण्याऐवजी चौघांनी मिळून मागचा सामानाचा बेडच उचलला. हे प्रत्येकाला सांगेन. पाठही वाचते आणि टाकीचं झाकण समोर उघडं मिळतं.

आणि मग पाणी जिथे मुरत होतं ती जागा सापडली. नवा पंप गाडीच्या मूळ वायरवरच चालवून बघत होतो. मेव्हणा टाकीजवळ बसला होता, म्हणाला, "दाजी, ही वायर गरम लागतेय." मीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पंपापाशी ११.६. झाकणातला कनेक्टर उपसून पाहिला तर पंपाच्या पिनभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, कडेला लोण्यासारखं ओघळलेलं, आणि नखाने ढकलली तर पिन हलत होती. हा पंप पंधराहून जास्त अँपियर खेचतो आणि ती पिन जुन्या लहान पंपाच्या हिशोबाने केलेली. इथेनॉलच्या टाकीच्या झाकणावर सैल, तापलेली पिन! त्याच दिवशी बॅटरीपासून १० गेजची वायर, ३० अँपियरचा फ्यूज, रिले, जाड अर्थ आणि झाकणात नवा, जास्त करंटचा कनेक्टर.

फरक मोजून पाहिला. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला गेज असलेला सायकलचा पंप जोडला आणि १२ पीएसआय हवा भरली. रेलचा दाब ५८ वरून सरळ ७० वर गेला. रिटर्नचं टोक कॅनमध्ये सोडून ३० सेकंद मोजलं. हे उघड्या अंगणात, टाकीत अजून साधं पेट्रोल असताना, अग्निशामक हाताशी ठेवून. जुन्या वायरवर २.५ लिटर भरले होते, नव्या वायरवर ३.१. ताशी ३०० आणि ३७२ लिटर. तोच पंप, तोच दाब, फक्त तांबं बदललं. तुम्ही मोठा पंप घ्यायच्या विचारात असाल तर आधी आहे त्या पंपावर मीटर लावा, ही माझी कळकळीची विनंती.

होज सगळीकडे पीटीएफई अस्तराची, जायला -८, परतीला -६ (एएन मापात). रबरी होजमधून इथेनॉलचा वास येत राहतो. पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर, कागदी नको.

परवा पहिल्यांदा ८ पीएसआयवर फिरवली. आयडलवर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूममुळे रेलचा दाब ४९, बूस्टमध्ये ६६, काटा कुठेही डगमगला नाही. लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८० वर स्थिर, इंजेक्टर ड्यूटी ५० टक्क्यांच्या आसपास. फ्लेक्स सेन्सर १२१ हर्ट्झ दाखवत होता. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य आणि १५० म्हणजे शंभर टक्के, तेव्हा पेट्रोल पंपावर ई८५ म्हणून भरलेल्या त्या इंधनात इथेनॉल ७१ टक्केच निघालं. नियमाने ते ५१ ते ८३ मध्ये कुठेही असू शकतं, म्हणून तो सेन्सर घेतल्याचं समाधान आहे. आता सेन्सरच्या आकड्यावर इग्निशन टायमिंग बांधायचंय आणि मग १२ पीएसआय. फेरी मारून आल्यावर झाकणावरचा कनेक्टर हाताने चाचपला. गार होता.